मेजाच्या अलीकडे

गेल्या काही महिन्यांत आम्ही जे वाचले, पाहिले, ऐकले आणि (वयाला शोभत नसले तरी) खेळलो, त्याची नोंद करून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते. अशा नोंदींची बहुधा यादी होते: हे आवडले, ते बरे वाटले, अमुक मध्येच सोडून दिले. आमच्या वहीतही तशीच यादी होती. ती पुन्हा चाळताना ध्यानात आले की वेगवेगळ्या काळांतल्या, एकमेकींशी सुतराम संबंध नसलेल्या ह्या कृतींत एक मेज सारखे डोकावते आहे. मेजाच्या एका बाजूला शिक्का, दुसऱ्या बाजूला माणूस आणि मध्ये कागद.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आम्ही अभ्यासक्रमासाठी शिकवली आहे. ह्या खेपेस ती अभ्यासक्रमाबाहेर वाचली. शिकवताना चक्रधर आणि हर्टा ह्यांच्या प्रेमावर, चक्रधराच्या कडवट अलिप्ततेवर, फार तर युद्धपूर्व युरोपवर बोलायचे, असा प्रघात आहे. आता वाचताना लक्ष गेले ते बोटीकडे. १९३८च्या ऑक्टोबरात जर्मनीने ज्यूंच्या पारपत्रांवर तांबडे ‘जे’ अक्षर उमटवायला सुरुवात केली. एकेका देशाची दारे लागत गेली आणि शांघाय हे व्हिसाशिवाय उतरता येण्याजोगे जवळजवळ एकमेव बंदर उरले. इटालियन बोटी सुएझमार्गे, मुंबईला थांबा घेऊन तिकडे जात. चक्रधर मुंबईला उतरतो; हर्टाला पुढे जावे लागते. समीक्षेने ह्या ताटातुटीचे खापर बहुतेक वेळा नायकाच्या मनोवृत्तीवर फोडले आहे. ते निराधार नाही. पण आमच्या मते कादंबरीतला सारा ताण त्याहून साध्या गोष्टीवर उभा आहे. एकाला किनारा आहे, दुसरीला नाही, आणि हा भेद दोघांच्या स्वभावातून आलेला नाही. चक्रधर कितीही कोरडा वागला तरी त्याला उतरता येते. त्याच्या अलिप्ततेमागे हे पाठबळ आहे, ही गोष्ट बेडेकर कुठेही उच्चारत नाहीत.

चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा पाहिला. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. आणि त्या आरोपाभोवती संथपणे फिरणारे न्यायालय. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व्हेनिसमध्ये सन्मान झाला, त्याच्या वास्तववादावर पुष्कळ लिहिले गेले. आमच्या मनात रुतली ती मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष. नवरा खाली उतरण्याआधी गटारात खडा टाकायचा, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचा, हे ती सांगते. आवाजात चढउतार नाही. ह्या न्यायालयात माणसे आपल्या भाषेत बोलतात आणि न्यायाधीश त्याचे इंग्रजी करून टंकलेखनिकाला सांगतात. नोंदीत उरते ते हे दुसरे वाक्य. साहित्याच्या अभ्यासकांनी भाषांतराविषयी जे काही वाचले असेल, त्याच्या शेजारी हे दृश्य एकदा ठेवून पाहावे. ताम्हाणे न्यायाधीशाला खलनायक करीत नाहीत, सरकारी वकीलबाईंनाही नाही. बाई न्यायालयातून घरी जातात, स्वयंपाक करतात. मेजापलीकडचा माणूस दुष्ट असता तर किती सोपे झाले असते!

इथवर आम्ही वाचक आणि प्रेक्षक होतो, म्हणजे सुरक्षित होतो. खेळाने ती सोय काढून घेतली.

‘पेपर्स, प्लीज’ हा लुकस पोप ह्यांचा २०१३चा संगणकीय खेळ आमच्या पुतण्याने आणून दिला. ‘काका, तुम्हाला आवडेल, ह्यात नुसते वाचायचेच असते,’ असे तो म्हणाला. अर्स्तोत्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, सरहद्दीवरची एक चौकी. आपण तिथले तपासनीस. समोर येणाऱ्याचे पारपत्र पाहायचे, छायाचित्र ताडायचे, मुदत, गाव, वजन जुळते का बघायचे आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारायचा. दररोज नवा नियम, दररोज नवा कागद. मजुरी डोईवर: जितकी माणसे हातावेगळी कराल तितके पैसे. चूक झाली की एक चिठ्ठी येते. पहिल्या दोन चुका माफ, मग दंड. रात्री हिशेब: भाडे, अन्न, शेगडी, औषध. घरी बायको, मुलगा, सासू, मामा.

पाचव्या दिवशी एक गृहस्थ येतात. त्यांचे कागद चोख. जाताना सांगतात, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते, तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठवलेत तर मारतील, असे ती म्हणते. आम्ही तिला सोडले. चिठ्ठी आली. त्या दिवसाची ती पहिलीच म्हणून फुकट गेली, आणि आमच्या मनात ताबडतोब विचार आला तो असा, की आज अजून एक दया परवडेल. दयेचा असा भाव आम्ही ह्यापूर्वी कधी काढला नव्हता. पुढेपुढे तर समोरचा माणूस काय बोलतो हे आम्ही वाचेनासे झालो, कारण वाचण्यात वेळ जातो. ज्यांचा चरितार्थ वाचण्यावर आहे त्यांच्याकडून हे होते! पुतण्या मागे उभा राहून म्हणाला, ‘काका, आता तुमचा हात बसला.’

हात आमचा तसा पूर्वीच बसला असावा. दर जूनमध्ये महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर आमची नेमणूक होते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्न, अधिवास. एके वर्षी एका मुलीच्या दाखल्यात आडनाव ‘वाघमारे’ आणि गुणपत्रिकेत ‘वाघमोरे’ होते. प्रतिज्ञापत्र आणायला हवे, असे आम्ही सांगितले. ती म्हणाली, सर, मास्तरांनी लिहिताना मात्रा दिली. रांग मोठी होती. नियम योग्य होता, आजही आम्ही तेच सांगू; दोन दिवसांनी ती प्रतिज्ञापत्र घेऊन आली आणि प्रवेश झाला. पण तिचे ते वाक्य आम्हाला आठवते, ते एका मात्रेची किंमत दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे असते हे तिला ठाऊक होते आणि आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून. व्याकरणाच्या तासाला ह्याविषयी काही शिकवता येत नाही.

ह्या सगळ्यावर उतारा म्हणून नव्हे, पण त्याच दिवसांत बडे गुलाम अली खाँ पुष्कळ ऐकले. कसूरचे खाँसाहेब फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे त्यांचे मन रमले नाही, आणि १९५७ साली त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. त्यांनाही कुठल्यातरी मेजापुढे अर्ज ठेवावा लागला असणार. तीन वर्षांनी ‘मुगल-ए-आझम’मध्ये पडद्यावरच्या तानसेनाला त्यांचाच आवाज लाभला. भिन्न षड्जातल्या त्यांच्या प्रसिद्ध ठुमरीत पंजाबी अंगाच्या हरकती पुरबी बोलांत अशा सहज शिरतात की एक प्रांत कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे दाखवता येऊ नये. ‘संगीताला सीमा नसते’ हे वाक्य आम्हाला मुळीच आवडत नाही. सीमा असते, गवयाला ती ओलांडायला परवाना लागतो. तरी ती ठुमरी लागली की आम्ही तीन वेळा ऐकतो.

सध्या पोप ह्यांचाच दुसरा खेळ, ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ (२०१८), चालू आहे. साल १८०७. ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज निर्मनुष्य होऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागते आणि आपण विम्याचे तपासनीस म्हणून वर चढतो. हातात नोंदवही, तीत साठ नावे. कोणते नाव कोणत्या चेहऱ्याचे आणि तो कसा मेला, हे शोधून लिहायचे. तीन नोंदी अचूक झाल्या की खेळ त्या मान्य करतो. कप्तान लगेच ओळखू येतो. अधिकारीही गणवेशामुळे सापडतात. खलाशी सापडत नाहीत. त्यांत काही हिंदुस्थानातले आहेत, त्यांच्या नावांपुढे देश लिहिला आहे, पण एकाचा चेहरा दुसऱ्यापासून वेगळा करायला झोळण्यांचे क्रमांक पाहावे लागतात, बोलण्याची ढब ऐकावी लागते. आमची आजवर एकवीस नावे जुळली. पुतण्याची दोन रात्रींत साठही झाली होती, पण आम्हाला घाई नाही. इथे मजुरी डोईवर नाही.