बाळपणीं गेला

वंशावळीच्या नादीं लागलेल्या माणसाकडे शहाणे लोक थोड्या कीवेनेंच पाहतात. पणज्याच्या बापाचें नांव कळल्यानें तुरीचा भाव वाढत नाहीं, हें आम्हांसही ठाऊक आहे. तरी वाशिमांत आम्ही पांच-सात जण गेलीं कांहीं वर्षें हाच उद्योग करीत आहों; आणि ज्यास जें सांपडेल तें त्यानें रविवारच्या बैठकींत इतरांपुढें ठेवावें, एवढा एकच नियम आम्हीं आजवर पाळला आहे.

या नियमास आमच्या गांवाचाच आधार आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. परंतु अशी निराळी शाखा होती हेंच विद्वानांस पुष्कळ काळ ठाऊक नव्हतें. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील झिजलेल्या लेखांत प्रवरसेनानंतरचीं नांवें रुद्रसेन व पृथिवीषेण अशीं वाचलीं गेलीं होतीं. म्हणजे एका घरचे पुरुष काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या घरचे बसविले गेले होते. १९३९ सालीं वाशिमास विंध्यशक्ति राजाचा, त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षाचा, ताम्रपट उजेडांत आला. त्यांतील वंशावळ संस्कृतांत आहे व दानाचा मजकूर प्राकृतांत. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ति हा क्रम त्यांत स्वच्छ निघाला. मग महामहोपाध्याय मिराशी यांनीं अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला व तीं दोन नांवें सर्वसेन आणि विंध्यसेन अशीं वाचलीं. राजघराण्याची ही कथा; तेथें आमच्यासारख्यांच्या कागदांची काय प्रतिष्ठा!

आमचीं साधनें साधींच. गांवकोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, वतनाचे कागद, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. हल्लीं जातपडताळणीसाठीं वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते, म्हणून कधीं नव्हे ते तरुणही आमच्याकडे येतात. काम झालें कीं पुन्हा दिसत नाहींत. खरी गोडी आहे ती त्र्यंबकच्या वह्यांत. यात्रेस आलेल्या पुरुषानें आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें व मुलांचें नांव स्वहस्तें लिहावयाचें, ही तेथील रीत. मोडी वाचणारे आतां थोडे उरले. पण ज्यास ती वाचतां येते त्यास पणज्याचा हात कांपत होता कीं स्थिर होता हेंही कळतें.

अशाच एका पानाची छायाप्रत रिसोडकडील आमच्या स्नेह्यांनीं एका रविवारीं आणली. त्यांच्या पणज्यानें आपल्या बापाच्या नांवाखालीं आणखी एक नांव लिहून पुढें ‘जनकपिता, वस्ती मेहकर’ असा खुलासा केला होता. पणजोबा दत्तक आले होते ही गोष्ट घरांत कोणासच माहीत नव्हती. कागद हातोहात फिरला. बैठकींत मूळचे मेहकरचे एक गृहस्थ होते. त्यांनीं तो दोनदां वाचला व कांहीं न बोलतां आपली वही उघडली. त्यांच्या आजोबांनीं लिहून ठेवलेल्या वंशावळींत तिसऱ्या मुलाच्या नांवापुढें दोनच शब्द होते : ‘बाळपणीं गेला.’ नांव, बापाचें नांव, गांव, सारें जुळलें.

त्या काळीं मुलें फार दगावत. तेव्हां ‘गेला’ याचा जो अर्थ कोणीही करील तोच त्या घरानें तीन पिढ्या केला. मूल गेलें होतें तें रिसोडास. लिहिणारास आपण काय लिहिलें तें पक्कें ठाऊक असावें. त्याहून अधिक लिहिणें त्यास जमलें नसावें, असें आम्हांस वाटतें.

रिसोडच्या वडीलधाऱ्या काकांस हें मुळींच रुचलें नाहीं. “भाऊ, घरची गोठ घरांतच राहू द्या ना,” असें ते म्हणाले. त्यांची भीति वांट्याची नव्हती. चार पिढ्या ज्यांना पाणी दिलें ते पितर परके ठरतील कीं काय, ही होती. दत्तक पुत्र ज्या गोत्रांत गेला त्याच गोत्राचा, हें शास्त्राचें उत्तर सोपें आहे; परंतु काकांचा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. कागद दोन्ही घरांच्या वंशावळींस जोडावा या मतावर आम्ही कायम राहिलों. काकांनीं आमच्याशीं बोलणें टाकलें.

चार महिन्यांनीं त्यांनीं आपण होऊन निरोप धाडला. त्यांत एकच प्रश्न होता : “त्याच्या मायचं नाव काय होतं?”

त्र्यंबकच्या त्या पानावर तें नाहीं. मेहकरच्या वहींतही नाहीं. पुरुषाखालीं पुरुष, एवढेंच. दूर मेक्सिकोंत पूर्वज शोधणारांस ही अडचण कमी पडते असें वाचतों. तेथें चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाबरोबर आईचेंही नांव लिहितात, आणि माणूस दोघांचीं आडनांवें लावतो. आपल्याकडे जुन्या बायकांचीं नांवें कागदावर क्वचित् असतात. असलींच तर भांड्यांवर कोरलेलीं. म्हणून आम्हीं मेहकरास माळा उतरावयास सांगितलें. तेथें तांब्याचें एक घंगाळ व दोन तपेलीं निघालीं आहेत. घंगाळाच्या कांठावर कांहीं अक्षरें हातास लागतात, पण कळकट फार आहे. येत्या रविवारीं चिंच लावून तें घासावयाचें आहे, आणि काका येतों म्हणाले आहेत.