उजव्या पायाची शाळा

वीस वर्षें बॅडमिंटन खेळून चपळाई ओसरूं लागली, तेव्हां मी इंग्लंडांतील जुन्या मोटारींच्या शर्यतींकडे वळलों. तेथें १९१९ ते १९३० या काळांतील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. त्यांच्या शौकिनांचा क्लब १९३४ सालचा. विचाराआधीं पाय हलावा, ही खेळाडूची कमाई. येथें तीच वैरीण ठरते. कारण यांतील कित्येक गाड्यांत वेग वाढविण्याचें पेडल मधोमध असतें आणि ब्रेक उजवीकडे! गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबावयाचा. उतावीळ हाताला दांते करकरून दटावतात. शरीराला आज्ञा करणें मला ठाऊक होतें. शंभरीला टेकलेल्या यंत्राचें ऐकणें आतां शिकतों आहें. चपळाई गेली, पण विद्यार्थीदशा परत मिळाली. हा सौदा तोट्याचा खास नाहीं.