चुन्याच्या पोटातली आग

नेरळच्या बाजारात कळीचा चुना मागितला, तर गल्ल्यावरच्या पोराने आधी माझ्याकडे आणि मग आपल्या बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "काका, आता चुना कोण लावतं? डिस्टेंपर न्या. खायचा हवा असेल तर ट्यूब आहे." मी ट्यूब घेतली नाही. पोशीरच्या घराची मागची पडवी उतरवताना गवंड्याने थापी मारली आणि भिंतीवरून चुन्याचे पापुद्रे सुटले होते. पांढरा, निळसर, पिवडीचा, परत पांढरा. दर दिवाळीचा एक थर. राहिलेली भिंत तरी चुन्यानेच रंगवावी, एवढंच डोक्यात होतं.

भात कापणीला यायच्या आधी आबा अंगणात अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप मांडत. त्यात चुन्याचे दगड टाकत आणि वरून पाणी. क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग दगड तडकायचे, वाफ उठायची आणि सगळं पिंप खदखदायला लागायचं. चूल नाही, लाकूड नाही, काडी ओढलेली नाही. आजी ओरडायची, "लांब व्हा, डोळे जातील!" आग कुठून आली, असं मी आबांना विचारलं होतं. काठीने ढवळता ढवळता ते म्हणाले, "भट्टीतली आहे. दगडानं पोटात धरून ठेवलीय."

शाळेत पुढे हाच चुना वेगळ्या वेषात भेटला. सरांनी चुन्याची निवळी केली आणि पपईच्या पानाच्या पोकळ देठाने तिच्यात फुंकायला लावलं. निवळी दुधाळ झाली. इथपर्यंत सगळं छान होतं. पण मग फळ्यावर कळीच्या चुन्यातल्या कॅल्शियमचा अणू आला, 2, 8, 8, 2, शेजारी ऑक्सिजनचा, 2, 6, आणि सर म्हणाले, "कॅल्शियमला दोन इलेक्ट्रॉन द्यायचे असतात, ऑक्सिजनला घ्यायचे असतात. एक दाता, एक याचक. अष्टक पूर्ण, दोघं खूश."

या दात्या-याचकाच्या गोष्टीवर माझा जुना राग आहे आणि तो मी सोडणार नाही. अणूला काही हवंनको नसतं. कॅल्शियमपासून इलेक्ट्रॉन काढायचे तर ऊर्जा खर्चावी लागते, आणि दुसरा काढताना पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. ऑक्सिजनही दुसरा इलेक्ट्रॉन सुखासुखी घेत नाही, तिथेही पदरची ऊर्जा घालावी लागते. मग हा तोट्याचा व्यवहार होतो कशाला? कारण तयार झालेले आयन एकटे राहत नाहीत. प्रत्येक कॅल्शियमभोवती सहा ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती सहा कॅल्शियम, असा जाळीबंद स्फटिक उभा राहतो. त्या बांधणीत इतकी ऊर्जा सुटते की आधीचं सगळं देणं फिटून वर उरते. फळ्यावर दोन अणू काढले की नेमकी ही जाळीच दिसत नाही.

रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1789 साली मूलद्रव्यांची यादी छापली. तिच्यात 33 नावं होती आणि त्यांत चुनाही होता. एवढ्या मोठ्या माणसाला चुना फोडता आला नव्हता, आणि त्याचा दोष नाही. त्या जाळीची पकडच तशी घट्ट. 1808 मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने विजेच्या बळावर त्यातून कॅल्शियम सोडवला. हे वाचताना मला हटकून आमच्या भिवपुरीचं वीजघर आठवतं. 1922 पासून घाटावरचं पाणी तिथे खाली येतं आणि वीज होते. ती मुंबईला जायची. आमच्या घरात कंदील होता.

पण आबांचं ते उत्तर. कॉलेजात ऊर्जेचे तक्ते हातात आले तेव्हा मी ते ताडून पाहिलं. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो, आणि या फारकतीला साधारण 178 किलोज्यूल उष्णता लागते. त्या चुन्यावर पाणी ओतलं की त्यातली 65 परत मिळते. पिंप खदखदतं ते या पैशावर. बाकीची 113? ती भिंतीवर. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो आणि राहिलेली उष्णता महिनोन्‌महिने, कोणाच्या हाताला न लागता, सोडत राहतो. 65 आणि 113, बेरीज 178. भट्टीचं देणं पैन्‌पै चुकतं. आबा चौथी शिकले होते.

आजीचा चुना वेगळा, कमरेच्या पिशवीतल्या डबीतला. तिच्या अंगठ्याचं नख कायम पांढरं असे. तंबाखूत निकोटिन आम्लांशी बांधलेलं असतं, चुना ते मोकळं करतो, म्हणून मळलेली तंबाखू चढते. तिला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग मळते कशाला रे?" हळदीत चुना घालून ती लाल रंग करायची तेव्हा मात्र मला जवळ बोलवायची.

वर्गात माझ्या शेजारी कातकरवाडीतला एक मुलगा बसायचा. त्याच्या आज्याने खैराचा काथ पाडलेला. पुढे जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा गेला. आईबाप वीटभट्टीची उचल घेत. दिवाळी झाली की घराला ताटी लावून सगळे भट्टीवर. निवळीत आम्ही फुंकलं त्या दिवशी त्याची जागा रिकामी होती. पुढच्या पावसाळ्यात पोशीर नदीवर भेटला तेव्हा त्याने मला सांगितलं की चिखलातले पांढरे खडे वेचून टाकावे लागतात, आई तेच करते. खडा राहिला तर वीट भाजून चांगली निघते, पण पहिल्या पाण्यात फुटते. चुनखडीचा खडा भट्टीत कळीचा चुना होतो, ओल लागली की फुगतो आणि वीट फोडतो. आख्ख्या वर्गात ही गोष्ट फक्त त्याला माहीत होती. दहावीला तो आमच्यात नव्हता.

अशा मुलांसाठी ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, ते मोठं काम होतं. माझं मागणं त्यामानाने फार लहान आहे. आजच्या आठवीच्या विज्ञानात 'रासायनिक बदल व रासायनिक बंध' हा तेरावा धडा आहे. क्रमाने गेलं तर तो दिवाळीनंतर येतो आणि तोवर वाड्यांवरची कितीतरी मुलं भट्टीवर पोचलेली असतात. कर्जत-खालापुरातल्या शिक्षकांनो, क्रम मोडा आणि तो धडा ऑगस्टमध्येच घ्या. फळ्यावर अणू काढायच्या आधी, वीट पाण्यात का फुटते, ते त्या मुलांना विचारा.