सर्पाची ऊब

सर्प म्हटला कीं आपल्याकडे कोणी काठी शोधतो, तर कोणी दुधाची वाटी पुढें करतो. परंतु त्याच्या अंथरुणाची चिंता वाहणारा मनुष्य मीं प्रथम पाहिला तो इंग्लंडांतील लेस्टर शहरीं, माझ्या पुतण्याच्या घरीं.

त्याच्यापाशीं काचेच्या पेटींत 'कॉर्न स्नेक' जातीचा तांबूस, बिनविषारी सर्प आहे. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागांतली. सर्पाचा देह आपल्या देहाप्रमाणें स्वतःस ऊब ठेवूं शकत नाहीं. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. पुरेशी ऊब न मिळाल्यास गिळलेलें भक्ष्यही त्यास पचत नाहीं. म्हणून त्या थंड मुलुखांत पेटीखालीं विजेवर तापणारी पातळ चटई बसवितात.

पहिली चटई घेतांना दुकानदारानें, "नुसती जोडा, काम झालें," असें सांगितलें होतें. पंधरवड्याच्या आंतच सर्पाच्या पोटावरील खवले तपकिरी पडून सोलूं लागले. पशुवैद्यांनीं तो भाजल्याचें सांगितलें. उपचारांनीं तो वांचला. परंतु पोटावरील वण मीं स्वतः पाहिले. "चटका बसतांच तो सरकला कां नाहीं?" असें मीं विचारलें. पुतण्या म्हणाला, "काका, उबेसाठीं आलेला सर्प पुष्कळदां भाजेपर्यंत तेथेंच पडून राहतो. नियंत्रणावांचून ही चटई ४० अंशांच्याही पुढें तापते."

आतांची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. चटई पेटीच्या बाहेर, तळाखालीं, एकाच टोकास असून तळाचा सुमारें तिसरा हिस्साच व्यापते. तिला थर्मोस्टॅट जोडला असून त्याचें उष्णता ओळखणारें टोक चटई व कांच यांच्यामध्यें पक्कें बसविलें आहे. शिवाय आंत दोन तापमापकें आहेत: उबदार टोकास २८ ते ३० अंश सेंटिग्रेड, शीतल टोकास २० ते २४. पेटीस लहान पाय आहेत, म्हणजे खालीं धग कोंडत नाहीं. आंतील भुसा पातळ आहे. कारण जाड थराखालीं उष्णता सांचते व सर्प खोल शिरून नेमका तापल्या काचेसच भिडतो. लपावयाची जागा दोन्ही टोकांस आहे. नाहीं तर भित्रा जीव आडोशासाठीं नको तेवढी उष्णताही सोशीत राहील. पाण्याचें भांडें वायरीपासून दूर, शीतल टोकास आहे. चटई कोठेंही दुमडलेली नाहीं. हें सर्व दोन दिवस रिकाम्या पेटींत मोजून पाहिल्यावरच त्यानें सर्पास आंत सोडलें.

आपल्या देशांत नाग, धामण, अजगर यांना पकडून घरीं ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां हें वाचून कोणीं बिळाकडे धांवूं नये!

मला विचाराल तर त्या पेटींतील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे तें शीतल टोक होय. ज्या जीवास आपण कोंडून ठेविलें, त्याला आपण दिलेल्या उबेपासूनही दूर जातां आलें पाहिजे. आपला हेतु दयेचा होता, एवढ्यानें भाजलेली कातडी भरून येत नाहीं. दयेस मोजमापाची जोड लागते. तुमच्या घरीं ससा किंवा कुत्रा बांधलेला असेल, तर आज दुपारीं एकदां पाहा: त्याला उन्हांतून सावलींत जावयास वाट आहे काय?