कारंज्याला जाल तेव्हा माळावरही जा

मैत्रिणींनो, कारंजा लाडला तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. श्री नृसिंहसरस्वतींचं हे जन्मगाव. गुरुमंदिरात दर्शन घ्यायचं, सवड असली तर जुनी जैन मंदिरं पाहायची आणि परतीची एस.टी. गाठायची, हा आपला ठरलेला बेत. पुढच्या खेपेला मात्र एक सकाळ राखून ठेवा. जवळच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. खास काळविटांसाठी ते २००० साली जाहीर झालं. विस्तार सुमारे १८ चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोब्यापुढे चिमुकलंच.

अभयारण्य म्हटलं की घनदाट झाडी डोळ्यांपुढे येते. इथे तसं नाही बरं का! इथे आहे गवताळ माळ. मुलं विचारतील, "आई, जंगल कुठाय?" त्यांना सांगा, काळविटाचं जंगल ते हेच. त्याचा सारा भरवसा नजरेवर आणि पायांवर. दाट झाडीत त्याला ना शत्रू लांबून दिसत, ना मोकळं धावता येत. तेव्हा माळ ओसाड दिसतो म्हणून तिथे झाडं लावायला निघणं म्हणजे त्याचं घर मोडणंच.

पण हरणांना अभयारण्याची हद्द कुठे कळते? कोवळी तूर, हरभरा, सोयाबीन दिसलं की कळप शेतात शिरतो. जोडीला रोही आणि रानडुकरं आहेतच. मग घरधनी रात्रभर जागलीवर आणि घरच्या बाईच्या जिवाला घोर. शासन नुकसानभरपाई देतं, पण त्यासाठी अर्ज करा, पंचनामा करा. आपण तासभर हरणं पाहून हरखतो, त्यांचा खर्च ही माणसं वर्षभर सोसतात.

दुसरे फासेपारधी. फासे लावून तितर, बटेर, हरणं धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला, लोकांच्या मनातला संशय काही गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, ते बरंच झालं. पण चूल कशावर पेटायची? वाशीम-अकोला भागात 'संवेदना' ही संस्था आणि फासेपारधी कुटुंबं मिळून गवताचे माळ राखत आली आहेत. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा दुर्मीळ तणमोर अशाच माळांवर जगतो. पाखरांची खडान्‌खडा माहिती या लोकांना, मग राखणदार तरी त्यांच्याहून चांगला कोण?

म्हणूनच आपल्या सहलीचे चार पैसे त्यांच्या हाती पडायला हवेत. ताडोब्यात आसपासच्या गावांतली मुलं वाटाड्याचं काम करतात, बायकासुद्धा करतात. इथेही वनखात्याकडे परवानगीची चौकशी करताना गावातलाच माहितगार सोबत मागा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. जेवणाचे डबे शहरातून नेण्याऐवजी गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून भाकरी-पिठलं करून घ्या. त्या माउलीला तिच्या कष्टाचं मोल द्या.

आणखी थोडं पथ्य पाळा. सकाळी लवकर जा, भडक कपडे आणि गाणी घरी ठेवा. फोटोसाठी कळपामागे गाडी पळवू नका. गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नका. त्याची आई जवळपास चरत असते. प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्याच पिशवीत परत आणा.

काळवीट दिसणं नशिबाचा भाग. पण परतताना त्या बाईला वाटलं पाहिजे, "ही हरणं आहेत म्हणून चार पाहुणे येतात, राहू देत." तसं वाटलं, तरच आपल्या नातवंडांनाही तो माळ पाहायला मिळेल.