तानसेनच्या टेकडीवर

शनिवार, २२ जून २०१९

इथे नेपाळमधल्या तानसेन गावी आज सुट्टीचा वार. रविवारी कचेऱ्या आणि शाळा चालू असतात, म्हणून ख्रिस्ती मंडळी शनिवारी उपासनेला जमते. चपला दाराबाहेर, सगळे सतरंजीवर. मादल वाजू लागला की गुडघ्यांचं दुखणं मी विसरते. मिरजेला रेव्हरंड टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणतच लहानाची मोठी झाले, त्यामुळे इथे परकं वाटत नाही. दुपारी घरमालकीणबाईंनी चुकौनी पाठवली: उकडलेला बटाटा, दही, कांदा, वरून हळद-मेथीची फोडणी. पाल्पा जिल्ह्याची ही खास ओळख. ह्यांनी भातावर दोनदा घेतली.

सोमवार, २४ जून

पाऊस लागला की फांद्या निसरड्या होतात. गुरांना हिरवा पाला तर रोज हवाच. बायका कोयता कमरेला खोचून झाडावर चढतात आणि पडतात. आज रुग्णालयात आलेली अशीच एक बाई तिशीची आहे. कमरेचा मणका मोडलाय, कमरेखाली स्पर्श कळत नाही. शस्त्रक्रियेचं डॉक्टर बघतील. माझं काम तिच्या सासूबाईंपाशी. इथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, त्याला कुरुवा म्हणतात. अर्धी शुश्रूषा त्या माणसाच्या हाती असते, आणि घरी गेल्यावर सगळीच.

म्हणून सासूबाईंना शिकवायला बसले. दर दोन तासांनी कूस बदलायची. एकटीने नाही, दोघींनी, पाठ सरळ ठेवून. गुडघ्यांच्या मध्ये उशी. प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, घोटे डोळ्यांनी बघायचे. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली हटली नाही, तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी. रुग्णाला दुखत नाही म्हणून जखम नाही असं समजायचं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. मणक्याच्या दुखापतीतून वाचलेलं माणूस पुढे पाठीच्या जखमेतल्या जंतुसंसर्गाने जातं, हे मी पाहिलंय. ते टाळता येतं, म्हणून जीव जास्त तुटतो.

सासूबाईंना अक्षरओळख नाही. आम्ही भिंतीवर कागद लावला: प्रत्येक वेळेला एक रेघ, डाव्या कुशीला डावीकडे, उजव्या कुशीला उजवीकडे.

बुधवार, २६ जून

हे दिवसभर निर्जंतुकीकरणाच्या यंत्रापाशी होते. विजेचा दाब वरखाली होऊन त्याचा एक भाग जळाला. बुटवलहून नवा येईल, पण पावसात त्या घाटात दरडी कोसळतात, तेव्हा कधी ते सांगता येत नाही. ह्यांचा नियम पक्का आहे: पान्हा धरायचा तो इथल्या दोघा मुलांनी, हे शेजारी स्टुलावर बसणार. काम दुप्पट वेळ खातं. पण आम्ही परतल्यावर यंत्र बंद पडलं तर मिरजेला फोन करायची वेळ येऊ नये, यासाठीच तर आलो. मला ह्यांच्या कामातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

शुक्रवार, २८ जून

त्या बाईचा नवरा पुण्यात एका सोसायटीत पहारेकरी आहे. आज व्हिडिओ कॉलवर मी मिरजेची म्हटल्यावर तो सरळ मराठीत बोलू लागला. "मावशी, चालेल ना ती?" एवढंच तीनदा विचारलं. सुट्टी मिळाली की गोरखपूरमार्गे सुनौलीला उतरून येतो म्हणाला.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "तुमचा देव हिचे पाय परत देईल?"

मी म्हटलं, "आमा, ते माझ्या हातात नाही. जखम होऊ द्यायची नाही, हे आपल्या दोघींच्या हातात आहे."

नेपाळच्या संविधानाने धर्मांतर करवण्यास मनाई केली आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा नसता तरी मी दुसरं काही बोलले नसते. अंथरुणात हलू न शकणाऱ्या माणसापुढे श्रद्धेचा सौदा मांडणं मला पाप वाटतं. प्रार्थना मी घरी येऊन करते, तिचं नाव घेऊन.

आम्ही जिथे काम करतो त्या रुग्णालयाचं मूळही जुनं आहे. १९४९ साली रॉबर्ट फ्लेमिंग हे मसुरीचे शिक्षक पक्ष्यांच्या शोधात याच भागात आले, आणि मग त्यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल यांच्यासह इतर डॉक्टर आले. युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना १९५४ साली झाली, तीही आपल्या नागपुरात. त्याच वर्षी तानसेनचं रुग्णालय सुरू झालं. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं, तिथे मी शिकले. घेतलेलं इथे देता येतंय.

रविवार, ३० जून

असारची पंधरावी तारीख, भातलावणीचा सण. खाली खाचरांत गुडघाभर चिखलात बायका गात होत्या. वॉर्डात दही-चिउरा वाटला. सासूबाईंना शेताची ओढ लागली आहे. लावणी शेजारणींनी करून दिली, असं कळल्यावर त्या रडल्या. भिंतीवरच्या कागदावर रेघांचे रांगोळीसारखे दोन पट्टे झालेत. पाठ अजून स्वच्छ आहे.

गुरुवार, ४ जुलै

आज सासूबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या कुरुवाला कूस बदलायला शिकवलं. मी लांबून पाहिलं, मध्ये पडले नाही.

मिरजेच्या मंडळीच्या अंकासाठी चार ओळी मागितल्यात, त्या अशा पाठवते: निवृत्त परिचारिकांनो, तंत्रज्ञांनो, जोडीने या. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी येऊ नका. भाषा कानात बसायलाच तेवढा काळ लागतो. चढ-उतार फार आहे, म्हणून निघण्यापूर्वी गुडघे तपासून घ्या. आणि जे येतं ते दुसऱ्याला शिकवायची तयारी नसेल, तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.