पोलादाच्या गावात सायकलची सकाळ

थंडीतला रविवार. पहाटेचे साडेपाच. भिलाईच्या रुंद, झाडांनी झाकलेल्या रस्त्यांवरून एकेक दिवा लुकलुकत येतो आणि चौकात थांबतो. कुणी निवृत्त फोरमन, कुणी बँकेत नोकरी करणाऱ्या बाई, कुणी डॉक्टर, तर कुणी नववी-दहावीतला मुलगा आणि त्याच्यापेक्षा जास्त उत्साहानं आलेले त्याचे वडील. एखाद्याची सायकल एकवीस गिअरची. एखाद्याची कित्येक वर्षं माळ्यावर पडून नुकतीच खाली उतरलेली. टायर अंगठ्यानं दाबून पाहिले जातात, ब्रेक तपासले जातात, डोक्यावर हेल्मेट चढतात आणि घोळका निघतो.

त्याच वेळी, त्याच रस्त्यावरून समोरून दुसरा घोळका येत असतो. यांच्या सायकली काळ्या, जड, दांडीच्या. हँडलला जेवणाचा डबा लटकवलेला, कानाला मफलर गुंडाळलेला. सहाच्या पाळीला कारखान्याच्या गेटवर पोचायची घाई. पोलादाच्या कारखान्याला रविवार नसतो. झोतभट्टी एकदा पेटली की ती सुट्टी घेत नाही. हेही सायकलस्वारच, पण यांच्या फेरीला कुणी ‘राइड’ म्हणत नाही.

भिलाई पाहायची असेल तर ती सायकलवरूनच पाहावी आणि या दोन घोळक्यांपासून सुरुवात करावी. कारण हे गाव सायकलीसाठीच बांधलेलं आहे!

२ फेब्रुवारी १९५५ या दिवशी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथं दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. दुर्गजवळच्या भातशेतीत आणि माळरानावर कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याच्या जोडीला कामगारांसाठी नगरी वसली. तिची विभागणी सेक्टरांमध्ये. प्रत्येक सेक्टरला आपली शाळा, आपला बाजार, आपलं मैदान. घरांपुढे अंगण, अंगणात आंबा नाहीतर पेरू. आणि घरापासून कारखान्याच्या गेटापर्यंत सरळ, रुंद, सपाट रस्ते. त्या काळी कामगाराकडे स्कूटर कुठली? सायकल हेच त्याचं वाहन. सेंट्रल अॅव्हेन्यू किंवा फॉरेस्ट अॅव्हेन्यूवर उभं राहिलं की आजही कळतं, हे रस्ते मोटारींची वर्दळ डोळ्यांपुढे ठेवून आखलेले नाहीत. पाळी सुटल्यावर गेटातून एकदम बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा सामावून घ्यायला ते इतके ऐसपैस ठेवलेले आहेत.

तो लोंढा आता ओसरला आहे. १९८०च्या दशकात खाणी धरून कारखान्याच्या कायम नोकरदारांची संख्या साठ हजारांच्या वर होती. आज तिच्या एक चतुर्थांशही उरलेली नाही. उत्पादन मात्र कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. जे कायम नोकरीत राहिले ते सायकलवरून स्कूटरवर, स्कूटरवरून मोटारीवर गेले. त्यांच्या मुलांपैकी अनेक जण पुण्या-बंगळुरूला नाहीतर परदेशात. सायकल उरली ती आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या ठेकेदारी मजुराकडे. आणि गंमत अशी, की ज्यांच्या घरातून ती गेली, त्यांच्याच घरात ती आता हौस म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, दहापट किमतीची होऊन परत आली आहे! २०२०च्या टाळेबंदीनंतर देशभर सायकलींना जी मागणी आली, तिचाही यात वाटा आहे.

अशा सायकल मंडळींचा कारभार साधा असतो. आदल्या रात्री मोबाईलवर निरोप फिरतो: कुठे जमायचं, किती किलोमीटर, नाश्ता कुठे. पुढे एक वाटाड्या, सगळ्यात मागे एक राखणदार. मागच्याचं काम जास्त अवघड. दमलेल्याला सोबत करायची, चेन उतरली तर चढवून द्यायची, पंक्चर काढायचं सामान त्याच्याच पिशवीत. पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ती खूण शेपटापर्यंत पोचवायची. मोठ्या रस्त्यावर एकामागोमाग एक, वस्तीतल्या शांत रस्त्यावर फार तर दोघं जोडीनं. आणि कुणालाही मागे टाकून जायचं नाही. नव्यानं आलेल्या गृहिणीला किंवा साठी ओलांडलेल्या आजोबांना धीर येतो तो या शेवटच्या नियमानं. घोळका तासाला पंधरा किलोमीटरनं गेला तरी चालेल, पण तो घोळकाच राहिला पाहिजे.

भिलाईचं भाग्य असं की चढ नावालाही नाही. पुण्या-नाशिकच्या सायकलस्वाराला घाट ठाऊक. इथं मैलोन् मैल सपाटी. त्यामुळे घरातली लहान मुलंही पहिल्याच रविवारी मैत्रीबागेपर्यंत जाऊन येऊ शकतात. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेली ही बाग कारखानाच सांभाळतो. आत प्राणिसंग्रहालय आहे आणि तिथल्या पांढऱ्या वाघांची कीर्ती राज्याबाहेरही पोचलेली आहे. बागेबद्दल जास्त सांगायला नको. मुलांना एकदा नेलं की पुढच्या वेळी कुठे जायचं हे विचारावं लागत नाही. जाणत्यांनी थोडं पुढे मरोद्याच्या जलाशयाकडे पाहावं. कारखान्याची तहान भागवणारं पाणी इथं साठवलं जातं. बालोदजवळचं तांदुला धरण १९२१ सालचं. शेतीसाठी बांधलेल्या त्या धरणाचं पाणी पुढे पोलादालाही मिळालं.

दुसरा रस्ता पूर्वेकडे, भिलाई-३ आणि चरोद्याच्या बाजूनं देवबलोद्याला जातो. येऊन-जाऊन पंचवीसेक किलोमीटर. रेल्वेचे रूळ, मालगाड्यांचे खडखडाट, धुरकट वस्ती आणि त्यातच अचानक कलचुरी काळातलं, तेराव्या शतकातलं शिवमंदिर! पुरातत्त्व खात्यानं जपलेल्या या मंदिराला शिखर नाही. भिंतींवर नर्तक, वादक, शिकारीला निघालेले लोक, हत्ती अशा रांगाच रांगा. शेजारी पायऱ्यांचं कुंड. गावकरी सांगतात, सहा महिने लांबलेल्या एका रात्रीत कारागीर नग्नावस्थेत हे देऊळ घडवत होता. रोज बायको जेवण घेऊन यायची, एके दिवशी बहीण आली. लाजेनं त्यानं कुंडात उडी घेतली आणि देऊळ अर्धं राहिलं. दंतकथाच ती. पण कोवळ्या उन्हात, सायकल झाडाला टेकवून, अर्धवट राहिलेल्या त्या माथ्याकडे पाहताना ती खोटी वाटत नाही. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते; सायकलवाल्यांनी तो दिवस टाळलेला बरा.

पश्चिमेला दुर्ग ओलांडलं की शिवनाथ नदी. महमरा इथल्या बंधाऱ्यावर सूर्य वर येताना पाहायचा आणि परत फिरायचं, असा अनेकांचा शिरस्ता. पायांत जोर असेल तर पुढे नगपुऱ्याच्या पार्श्वनाथ तीर्थापर्यंत जाता येतं. गनियारी हे आणखी एक गाव याच परिसरातलं. पंडवानी गायिका तीजनबाई यांचं हे गाव. हातात तंबोरा घेऊन एकटीनं अख्खं महाभारत उभं करणाऱ्या या कलावतीनं भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली होती. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

मराठी माणसानं मात्र एक फेरी चुकवू नये. ती राजनांदगावची. येऊन-जाऊन पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर, म्हणजे नवख्यांचं काम नव्हे. दोन-तीन महिने दर रविवारी तीस-चाळीस किलोमीटरचा सराव झालेल्यांनीच निघावं. राजनांदगावात राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या मध्ये जुना राजवाडा आहे. तिथंच दिग्विजय महाविद्यालय भरतं. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली इथं हिंदी शिकवायला आले. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदी कवितेचा एक मोठा आधारस्तंभ झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी आणि समीक्षक म्हणून नावारूपाला आले. एकाच घरात दोन भाषा अशा वाटल्या गेल्या! वाड्याच्या ज्या भागात गजाननराव राहत होते, तिथला गोल फिरत वर जाणारा जिना अजून आहे. आता तिथं स्मारक झालं आहे. १९६४ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आयुष्यभर पैशाची ओढाताण सोसलेल्या या कवीला राजनांदगावातच थोडी उसंत मिळाली होती. खिडकीतून तलावाचं पाणी दिसतं. घामानं भिजलेले सायकलस्वार तिथं नकळत हळू आवाजात बोलू लागतात.

खरं तर इथल्या मुलखाचं मराठीशी नातं कारखान्याहून कितीतरी जुनं. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात आली आणि १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपुरातून कारभार पाहू लागले. पुढे भिलाईत नोकरीसाठी मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी कुटुंबं आली, तशी विदर्भातली मराठी कुटुंबंही आली. ‘छोटा भारत’ हे बिरुद भिलाईला उगीच मिळालेलं नाही. रविवारच्या घोळक्यात पहिल्या दहा जणांची आडनावं विचारली तरी त्याचा पुरावा मिळतो.

सर्वांत कसाची फेरी दल्ली-राजहऱ्याची. एका बाजूचंच अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. शेवटी डोंगर लागतात आणि तांबडी माती. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवलं ते या खाणींनी. इथल्या खाणकामगारांनी स्वतःच्या श्रमातून आणि वर्गणीतून १९८३ साली शहीद रुग्णालय उभारलं. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतल्या घरात, झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. हा सारा इतिहास पर्यटनाच्या पत्रकात सापडत नाही. सायकलवाल्याला तो वाटेत भेटतो.

लांब पल्ल्याची हौस असणाऱ्यांसाठी देशभर ब्रेव्हे नावाच्या फेऱ्या होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचला तो पास. भिलाईकरांना या बाबतीतला आदर्श शेजारीच आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलवर एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पार केली.

पण नाश्त्याशिवाय कुठली फेरी पुरी होते! परतीच्या वाटेवर टपरीपाशी सायकली उभ्या राहतात. पोहे-जिलेबी तर आहेतच, पण छत्तीसगढी चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं आणि टोमॅटोची झणझणीत चटणी खाऊन पाहावी. आणि ‘आलूगुंडा’ म्हणून समोर आलं ते ओळखीचंच निघतं... आपला बटाटेवडा! घटवलेल्या कॅलरी इथं दुपटीनं भरून निघतात असं डॉक्टर मंडळी कुरकुरतात आणि दुसरी बशी मागवतात.

एका गोष्टीची मात्र खबरदारी घ्यायला हवी. दुर्ग-भिलाईतून जाणारा जी. ई. रोड म्हणजे मुंबई-कोलकात्याची जड वाहतूक. नगरीतल्या निवांत रस्त्यांवर तयार झालेला आत्मविश्वास तिथं कामाचा नाही. मुलं बरोबर असतील तर हा रस्ता फक्त ओलांडावा, त्यावरून जाऊ नये. सायकलीला मागे लाल दिवा हवाच. डबा लटकवून पहाटे निघालेल्या मजुराच्या सायकलीला तो बहुधा नसतो. हौशी मंडळी आपल्यासाठी दिवे आणि चमकत्या पट्ट्या घेतातच. तशाच चार-दोन जास्त घेऊन गेटच्या रस्त्यावर वाटल्या, तर खर्च एका नाश्त्याहून अधिक होणार नाही.

भिलाईला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे धावतो, तेव्हा सायकल पहाटे सातच्या आत घरी आलेली बरी. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या दुर्गला थांबतात. नागपूरहून अंतर सुमारे २६५ किलोमीटर. प्रवासात खालच्या रुळांकडे लक्ष द्या. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईतच बनतात आणि इथं आता एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ तयार होतो. कारखाना आतून पाहायला आधी परवानगी लागते. सायकलस्वारांच्या घोळक्यात सामील व्हायला मात्र लागते ती फक्त सायकल, आणि तीही शेजाऱ्याकडून मागून आणलेली चालते.